रक्तदाबाचे मूळ ग्रंथीत असते तेव्हा

काहींचा रक्तदाब मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जादा पाझरल्याने वाढतो; या आजाराला प्राथमिक अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. दोष कोणत्या बाजूच्या ग्रंथीत आहे, हे शिरांतील रक्त घेऊन इथे तपासले जात आहे. पडद्यावर उमटलेली ही बारीक काळी रेघ म्हणजे उजव्या अधिवृक्क, अर्थात अ‍ॅड्रिनल ग्रंथीची शीर. ही आखूड शीर थेट महाशिरेला मिळते, त्यामुळे जांघेतून वर सरकवलेल्या नळीचे टोक तिच्या मुखाशी नेमके टेकवणे हे या तपासणीतील सर्वांत कठीण काम असते. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते आणि त्या मानाने लवकर सापडते.

दोन्ही बाजूंचे रक्त वेगवेगळ्या नळ्यांत भरले जात आहे. त्यात अल्डोस्टेरॉनबरोबर त्याच ग्रंथींचे कोर्टिसोल हे संप्रेरकही मोजतात. नमुन्यात कोर्टिसोल पुरेसे चढलेले नसेल, तर नळी त्या शिरेत नव्हतीच असे समजून तो नमुना बाद करतात. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसत असताना एवढा खटाटोप करण्याचे कारण असे, की दिसणारी गाठ निरुपद्रवी असू शकते आणि जादा संप्रेरक दोन्ही ग्रंथींतून पाझरत असू शकते.

अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथे १९५४ मध्ये डॉ. जेरोम कॉन यांच्यासमोर ३४ वर्षांची एक रुग्ण होती. तिचा रक्तदाब वाढलेला होता, पोटॅशियम घसरलेले होते आणि स्नायूंतील बळ अधूनमधून जात असे. दोन्ही ग्रंथी काढण्याची तयारी झाली होती. प्रत्यक्षात उजव्या ग्रंथीत गाठ सापडली आणि ती काढल्यावर रुग्ण बरी झाली. त्यानंतर पोटॅशियम कमी असेल तरच हा आजार, अशी समजूत रूढ झाली. ती आज टिकत नाही, कारण बहुसंख्य रुग्णांचे पोटॅशियम सामान्यच असते.

वास्तविक पहिली चाचणी दंडातील साध्या रक्ताची आहे. अल्डोस्टेरॉन मीठ साठवते, त्यामुळे मूत्रपिंडातून स्रवणारे रेनिन दबते, आणि या दोहोंच्या गुणोत्तरावरून संशय पक्का होतो. तीन-तीन औषधे घेऊनही दाब उतरत नसताना ही चाचणी लिहून न देता चौथी गोळी वाढवणे समर्थनीय नाही. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णात ती सुचवली आहे. निदान राहून गेल्यास पक्षाघात, हृदयाची अनियमित लय आणि मूत्रपिंडाची हानी यांचा धोका वाढतो.

दोष एकाच बाजूला असेल तर ती ग्रंथी दुर्बिणीद्वारे काढतात. दोन्ही बाजूंना असेल तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन देतात. स्पायरोनोलॅक्टोनमुळे काही पुरुषांच्या छातीत दुखरी सूज येते, हे आधीच सांगितलेले बरे. शस्त्रक्रियेनंतर पोटॅशियम सहसा पूर्ववत होते. रक्तवाहिन्या ताठरलेल्या असतील तर एखादी गोळी मात्र पुढेही सुरू राहते.