चार महिन्यांची कमाई

(दृश्य : नाशिकमधली लाकडाची वखार. सागाच्या ओंडक्याचा ताजा काप. त्यावरून हळूहळू सरकणारं बोट.)

हा सागाचा काप. जरा जवळून पाहा. मधोमध बारीकसा गाभा आणि त्याभोवती एकात एक बसलेली वलयं. एक वलय म्हणजे एक वर्ष. बोट आहे तिथलं वलय चांगलं रुंद आहे, म्हणजे त्या वर्षी पाऊस दमादमानं, भरपूर पडला असणार. आणि इथे, ही तीन वलयं एकमेकांना इतकी चिकटलीत की मोजायला नख लावावं लागतं. पावसानं ओढ दिली, ती ही वर्षं. सागाची वलयं अशी स्वच्छ उमटतात, म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यावरून जुन्या पावसाळ्यांचा माग काढला.

याच वलयांत आणखी एक गोष्ट बंद आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास कार्बन असतो. झाड तो मातीतून घेत नाही, हवेतून घेतं. एक टन सुकं लाकूड तयार होताना झाड हवेतला सुमारे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्यातला कार्बन लाकडात बांधतं. वलय बारीक पडलं, की त्या वर्षी हवेतून उचललेला कार्बनही कमी.

(दृश्य : इगतपुरीचा घाट, धुकं. तिथून पूर्वेकडे धावणारा रस्ता.)

हवामान जंगलाचं काय करतं, हे बघायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दीडशे किलोमीटरच्या आत, येवला-नांदगावकडे, तो पाचशेच्या घरात येतो. घाटमाथ्यावर जांभूळ, हिरडा, आंबा दाटीनं उभे असतात. पेठ-सुरगाण्याकडे साग, ऐन, खैर, मोह. पुढे येवल्याच्या बाजूला बाभूळ, बोर, हिवर आणि मोकळा माळ. ममदापूरची काळविटं याच माळावर चरतात. या माळाला कुणी ‘पडीक’ म्हटलं की मला वाईट वाटतं. गवताचा बराचसा कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वरून माळ उघडा दिसतो, म्हणून तो रिकामा नसतो.

जंगलाचंही तसंच आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या जंगलांत ७,२०४ दशलक्ष टन कार्बन आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त मातीत आहे. आपण मात्र जंगल म्हटलं की खोडंच मोजतो.

(दृश्य : एप्रिल. निष्पर्ण सागवन. पायाखाली करकरणारा पाचोळा. हात तो बाजूला सारतो, खाली काळसर भुसभुशीत थर.)

आमच्याकडचं जंगल चार महिने कमावतं आणि आठ महिने पुरवून पुरवून खातं. पावसाळ्यात पानं अन्न तयार करतात, खोड जाड होतं. ओल सरली की पानांवरची सूक्ष्म रंध्रं मिटतात, पुढे पानगळ होते. दुकान बंद, पण भाडं चालूच, अशी झाडाची गत होते. कारण श्वसन थांबत नाही, आणि रात्री उकाड्याच्या असल्या की ते वाढतं. साठवलेलं अन्न त्यात खर्ची पडतं. पाऊस उशिरा आला किंवा लवकर गेला, तर कमाईचे दिवस घटतात. खर्चाचे वाढतात.

हा पाचोळा हातात घेतलाय तो म्हणजे उद्याची माती. तो कुजायला वेळ लागतो, आणि मार्च-एप्रिलच्या एका वणव्यात तासाभरात त्याची राख होते. मोठा साग बहुतेक वेळा तगतो, त्याची फक्त साल काळवंडते. पण यंदाची रोपं जातात, पाचोळा जातो. उन्हाळा जितका लांब आणि कोरडा, तितका वणवा पसरतो.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात नागली-भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. ऐनाच्या फांद्या, पाला, शेणी रचून पेटवतात. त्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. पाऊस चांगला झाला की तोडलेल्या ऐनाला पुन्हा धुमारे फुटतात. खरी पंचाईत होते ती पाऊस दगा देतो तेव्हा. तुटलेल्या फांदीची भरपाई मग त्या वर्षी होत नाही.

(दृश्य : गोदावरीचा पूर. गढूळ पाणी. दुतोंड्या मारुती.)

पाऊस कमी पडला तर नुकसान, हे कुणालाही समजतं. पण तो एकदम कोसळला तरी नुकसानच. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, असं हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं. पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, हे बघायला आपण सगळे गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जातो. पुढच्या वेळी पाण्याचा रंगही बघा. तो तांबूस गढूळपणा म्हणजे डोंगरउतारांवरची आणि शेतांची माती आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर मुळात मातीचा थर पातळ, आणि तो साचायला कित्येक पिढ्या गेलेल्या. मातीबरोबर तिच्यातला कार्बनही वाहून जातो.

(दृश्य : मृगाचा पहिला पाऊस. तापलेल्या जमिनीवर टपोरे थेंब.)

पहिल्या पावसाचा वास आपल्याला हवाहवासा वाटतो. नेमक्या त्याच वेळी माती मोठा श्वास सोडते. उन्हाळाभर निपचित पडलेले जिवाणू ओल लागताच जागे होतात, साठलेलं खाऊ लागतात, आणि काही दिवस जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट बाहेर पडतो. झाडांची पानं अजून पुरती उलगडलेली नसतात, त्यामुळे जंगलाचा हंगाम सुरू होतो तो उधारीवर.

मग आठवड्या-पंधरवड्यात सागाची पानं तळहाताएवढी होतात, पुढे सुपाएवढी. सालीच्या आत या वर्षीचं वलय धरू लागतं. ते किती रुंद होईल, हे आता श्रावण-भादव्यातल्या उघडिपी ठरवतील.