अलर्ट की वॉर्निंग?

देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर इथले. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' निघालं, तेव्हा त्याच्या पानावर दोन रकाने होते. एकात मराठी, शेजारी इंग्रजी.

इथून किनाऱ्याकडे उतरलं की मच्छीमारांची वस्ती लागते. तिथल्या एका पडवीत संध्याकाळी सहा-सात मुलं इंग्रजी बातम्या वाचायला शिकायला बसतात. बाईंची रीत दर्पणचीच. एकच बातमी, मराठी आणि इंग्रजी, शेजारी शेजारी. हेडलाइन, एडिटर, रिपोर्टर मुलांना ठाऊकच असतात. घोडं अडतं ते बारीक शब्दांवर.

'अलेज्ड थीफ.' एकानं अर्थ लावला, "पक्को चोर!" बाईंनी मराठी बातमी पुढे सरकवली. तिथं होतं, 'चोरीचा आरोप असलेला'. मुलानं वहीतला 'पक्को' खोडला, दोन रेघा मारून. एवढ्याशा शब्दावर माणसाची अब्रू टांगलेली असते, आणि घाईत वाचताना नेमका तोच निसटतो.

'अँकर' आला तेव्हा विचारायची गरजच पडली नाही. "नांगर!" इथल्या पोरांना आधी तोच आठवणार. बातम्या देणारा अँकर त्यानंतर.

बाई सगळ्यात जास्त थांबतात 'लँडफॉल'वर. चक्रीवादळाचा मध्य समुद्रातून जमिनीवर येतो, तो लँडफॉल. मे २०२१ मध्ये तौक्तेचा लँडफॉल गुजरातेत झाला. पण त्याआधीच सिंधुदुर्गात माड उन्मळले, कौलं उडाली, देवगड बंदरात नौका बुडाल्या. 'लँडफॉल गुजरातेत' एवढं ऐकून निर्धास्त झोपायचं नसतं.

हवामान खात्याच्या सूचनांचंही तसंच. किनाऱ्यावर हवा बिघडण्याच्या किमान ४८ तास आधी 'सायक्लोन अलर्ट' निघतो, किमान २४ तास आधी 'सायक्लोन वॉर्निंग'. मराठी बातमीत पुष्कळदा दोन्हींचा 'इशारा' होतो. म्हणून मुलं मूळ इंग्रजी पत्रक वाचायला शिकताहेत. या पडवीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच, असं आम्हाला वाटतं.

आज तौक्तेच्या वेळचं जुनं पत्रक वाचायला घेतलंय. अंगणात एकीचे आजोबा जाळं सांधत बसलेत. सुई न थांबवता विचारतात, "काय लिवलाहा गो? अलर्ट काय वॉर्निंग?"

नात ओळीवर बोट ठेवते, पुन्हा पहिल्यापासून वाचते.

"वॉर्निंग, आजोबा."

सुई थांबते.

"मगे होडी आजच वर ओढूक व्हयी."