आई विसरते, पण आधी काय सुरू झालं?

नमस्कार मंडळी. "आई सगळं विसरते, डिमेन्शियाच ना?" हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आज त्यावरच बोलू. डिमेन्शिया म्हणजे मेंदूच्या आजारामुळे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाणं. पण विसरण्यामागे दर वेळी तोच असतो असं नाही. म्हातारपणी नैराश्यही विसरण्यातून, अंगदुखीतून, उडालेल्या झोपेतून दिसतं, आणि ते उपचारांनी सुधारू शकतं.

म्हणून घरी बसून आठवा, आधी काय सुरू झालं? मन उतरलं आणि मग विसरणं आलं, की उलट? नैराश्यात घरचे बहुतेकदा सांगू शकतात, "दिवाळीनंतर बिघडलं." डिमेन्शियात सुरुवात बहुतेकदा नेमकी सांगता येत नाही. आणि तक्रार कोण करतंय? माझी आत्या स्वतःच म्हणायची, "माझं डोकं गेलंय." डॉक्टरांनी वार विचारला तर "नाही बाई माहीत" म्हणून मान खाली. जरा धीर दिल्यावर वार, तारीख, सगळं बरोबर सांगितलं! डिमेन्शियात माणूस पुष्कळदा चुकीचं उत्तर देतो, किंवा शेजारी बसलेल्या मुलाकडे बघतो. आत्यावर नैराश्याचे उपचार झाले, आता ती परत घरखर्चाची वही लिहिते.

यावर कोणीतरी लिहिणार, "म्हणजे नैराश्य निघालं की सुटलो." नाही हो! उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधीकधी डिमेन्शियाची सुरुवातच असते. ब्रिटनमध्ये 10 हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास झाला. ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं निदानाच्या साधारण दहा वर्षं आधीपासून वाढलेली दिसली. शिवाय लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाचे जे 14 टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यात नैराश्य आहे. म्हणून मन सावरलं तरी स्मरणशक्तीची तपासणी अधूनमधून करत राहा. आणि डिमेन्शियाचं निदान झालं तरी मनाची चौकशी थांबवू नका, दोन्ही एकत्र असू शकतात.

"वय झालं, असं व्हायचंच" हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो. त्या वाक्यापायी माणसं वर्षानुवर्षं उपचारांवाचून राहतात.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्याही काही जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी विसरभोळेपणा वाढू शकतो. मनाने मात्र एकही बंद करू नका. थायरॉइड आणि बी-12 तपासायचं का, तेही तिथेच विचारा.