सव्वा एकर मुरूम

(दृश्य: सकाळ. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं कलंडते, मुरूम सांडतो. धूळ खाली बसेपर्यंत निवेदन नको.)

हा मुरूम विकत आणलेला नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी गावातल्या एका शेतकऱ्यानं विहीर खोदली, तेव्हाचा हा ढीग. वरची काळी माती संपली की या भागात मुरूम लागतो आणि त्याच्याखाली पाषाण. ज्याच्या वावरात नवी विहीर, त्याच्या धुऱ्यावर असा एक ढीग पडलेला असतो. तो ना पिकाला उपयोगी, ना हलवायला स्वस्त. ग्रामसभेत मैदानाच्या वर्गणीचा विषय निघाला तेव्हा आधी सगळे गप्प होते. कापसाचे पैसे यायचे होते, आलेले खर्च झाले होते. मग मागच्या रांगेतून एक जण उठला.

(बाईट: शेतकरी, विहिरीच्या काठावर. "पैसे नाई बाप्पा आपल्यापाशी..." पासून "...ढिगारा घेऊन जा" पर्यंत.)

त्याच्यामागून दुसरा उठला, मग तिसरा. सभेच्या शेवटी सचिवांनी वर्गणीच्या यादीत रुपयांच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना आखला: ब्रास, म्हणजे शंभर घनफुटांचं माप.

(दृश्य: वहीचं पान जवळून. हातानं आखलेली रेघ. पान पुरतं वाचता येईल इतकं थांबावं.)

यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. शकुंतला रेल्वे जिथून मूर्तिजापूरकडे जायची, त्या मार्गापासून फार लांब नसलेलं हे गाव. आजूबाजूला पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. आणि गावाबाहेर, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक जमिनीवर, हॉकीचं मैदान.

हॉकी इथं कशी, हा प्रश्न पाहुणे विचारतात. गावातलं कोणी विचारत नाही. यवतमाळला हा खेळ नवा नाही. भारताचा माजी गोलकीपर आकाश चिकटे यवतमाळचाच. 2016 च्या दिवाळीत मलेशियात आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना झाला, समोर पाकिस्तान. नेहमीचा गोलकीपर श्रीजेश जखमी होता, म्हणून गोलमध्ये आकाश उभा राहिला आणि भारतानं 3-2 नं सामना जिंकला. त्यानंतर गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मास्तरांनी, जे स्वतः कधीकाळी यवतमाळात खेळले होते, जुन्या स्टिकांचं एक पोतं आणलं. पोत्यातल्या स्टिका पुरल्या नाहीत, तेव्हा पोरांनी बाभळीच्या वाकड्या फांद्या तासल्या.

(दृश्य: तासलेली फांदी, पकडीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. शेजारी खरी स्टिक.)

मुली नंतर आल्या, आणि आल्या त्या थांबल्याच. आज मैदानावर संध्याकाळी मुलांपेक्षा मुलीच जास्त असतात.

(दृश्य: मुली पळतात, ओढण्या कमरेला खोचलेल्या. चेंडूचा आवाज. निवेदन बंद, पंधरा-वीस सेकंद.)

आता मैदानाबद्दल बोलू, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

काळी माती कापसाला चांगली आणि खेळाला वाईट. पावसात ती फुगते, चिकटते, चप्पल ओढून घेते. उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुटबॉल अशा जमिनीवर कसाबसा खेळता येतो, कबड्डीला थोडीच जागा लागते. हॉकीचा चेंडू मात्र लहान आणि टणक, वजन 160 ग्रॅमच्या आसपास. तो जमिनीलगत सरळ जायला हवा. ढेकळावर आपटला की उसळतो, आणि उसळला की कोणाच्या तरी नडगीवर किंवा तोंडावर. या गावातल्या निम्म्या खेळाडूंच्या हनुवटीवर खुणा आहेत. त्या दाखवायला ते लाजत नाहीत.

(दृश्य: चेहरे, एकामागून एक. नावं लिहू नयेत.)

हॉकीचं मैदान 91.40 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद. म्हणजे खेळायची जागाच सव्वा एकर, आणि चारी बाजूंना पळायला सोडायची मोकळी पट्टी धरली तर दीड एकराच्या वर. एवढ्या जागेवर नुसता सहा इंचांचा थर द्यायचा म्हटला तरी खेळायच्या भागालाच अडीचशे ब्रासच्या वर मुरूम लागतो. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो. हिशेब सरळ आहे, आणि तो करून पाहिल्यावर पुष्कळ गावं तिथंच थांबतात.

इथं थांबले नाहीत. आधी वरची काळी माती खरडून काढली. ती वाया गेली नाही, ज्यांनी मुरूम दिला त्यांच्याच वावरात टाकली. मग मुरूम. मोठे गोटे हातानं वेचून बाजूला. मग पाणी मारायचं, एक रात्र मुरू द्यायचं, आणि सकाळी रोलर. रोलर रस्त्याच्या कामावर आलेला होता, चालवणाऱ्याला गावानं जेवण दिलं आणि डिझेल घातलं. पाणी वाहून जावं म्हणून मधोमध किंचित उंचवटा आणि दोन्ही बाजूंना ढाळ. तो ढाळ कोणा अभियंत्यानं काढलेला नाही. घरं बांधणाऱ्या गवंड्यानं पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढली.

(दृश्य: गवंडी, नळीतलं पाणी, डोळा बारीक करून बघतो. हा शॉट पूर्ण वापरावा.)

आणि मग "डी". गोलसमोरचा तो अर्धवर्तुळासारखा भाग, ज्याच्या आतून मारलेलाच गोल धरतात. दिसायला सोपा, आखायला नाही. गोलचे दोन खांब एकमेकांपासून 3.66 मीटरवर. प्रत्येक खांबापाशी दोरीचं एक टोक धरायचं, दुसऱ्या टोकाला 14.63 मीटरवर गाठ, आणि गाठीत खुंटी घालून फिरवत न्यायचं. दोन खांबांपासून दोन पाव-वर्तुळं निघतात. मध्ये उरते ती सरळ रेघ, खांबांच्या अंतराएवढीच. मास्तर खांबापाशी दोरी धरून बसतात, सातवीतली एक मुलगी खुंटी ओढत जाते, तिच्यामागून दुसरी फक्की मारत येते. दोरी सुती असेल तर ओली झाल्यावर आकसते आणि रेघ आत येते, म्हणून आता नायलॉनची वापरतात.

(दृश्य: वरून. पांढरी रेघ पूर्ण होते. ड्रोनचा शॉट एकच आहे, इथंच वापरावा.)

गोलचे खांब तालुक्याच्या वेल्डिंगवाल्यानं केले. मागच्या फळीला शाळेचे मोडके बाक. चेंडू तिच्यावर बसला की आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो.

हे सगळं झालं तोवर सरकारचा एक रुपयाही लागला नव्हता. ही अभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. सांगणाऱ्यांत आम्हीही आहोत, पण ती तेवढीच नाही.

(दृश्य: पंचायतीची खोली. कपाट, फायली, भिंतीवर नकाशा.)

सरकारी पैसा आहे, आणि तो एका ठिकाणी नाही. महाराष्ट्रात तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटींवर नेलेली आहे. आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी मिळतात. क्रीडांगण विकासाची वेगळी योजना आहे, तिच्यात सपाटीकरण, कुंपण, पाण्याची सोय अशी कामं बसतात. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर आले, पण त्यातले 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले. उरलेल्या 40 टक्क्यांत रस्ता, दिवे, अंगणवाडी, आणि जमलं तर मैदान. रोजगार हमीच्या कामांच्या यादीतही खेळाचं मैदान होतं, मात्र मजुरी आणि साहित्याचं प्रमाण 60 ला 40 ठेवून. 2024-25 मध्ये हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. सोयाबीन सोंगायच्या दिवसांत तेवढ्यावर कोण येणार, म्हणून हमीवरचं चर खोदायचं काम उन्हाळ्यातच झालं. गावाला मिळालेला पहिला सरकारी पैसा तो. नंतर अबंधित निधीतून मैदानाला तारेचं कुंपण झालं.

प्रत्येक दाराशी पहिला प्रश्न एकच: जागा कोणाची?

ई-क्लास जमीन सरकारची. गाव पिढ्यान्‌पिढ्या वापरतं, गुरं चारतं, होळी तिथंच पेटते, पण सातबारावर नाव सरकारचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालानंतर गायरानं आणि गावाच्या सामाईक जमिनी दुसऱ्या कामाला देण्यावर बंधनं कडक झाली. निकाल चांगल्यासाठीच होता, धनदांडग्यांनी गायरानं गिळू नयेत म्हणून. मैदान सार्वजनिक काम आहे हे कागदावर सिद्ध करायचं तर ठराव, मोजणी, नकाशा, तलाठ्याचा अहवाल, तहसील, मग वरचं कार्यालय. सरपंचताई ही फाईल पिशवीत घालून हिंडल्या. पिशवीचा बंद एकदा तुटला, तो त्यांनी तहसीलच्या पायरीवर बसून शिवला.

(बाईट: सरपंचताई. "कागद तं सारेच होते आपल्यापाशी..." पासून "...नकाशाच नाई म्हने" पर्यंत. हसू येईपर्यंत कापू नये.)

आणि पैसा मिळायच्या बेताला आला की तो भिंतीसाठी येतो. भिंतीचं अंदाजपत्रक करता येतं, मोजमाप पुस्तिकेत लिहिता येतं, तिच्यावर नावाची फरशी बसवता येते. मुरुमाच्या थरावर फरशी कुठं बसवणार? दरवर्षी पावसाळ्यानंतर थर परत दाबावा लागतो, फक्की आणावी लागते, जाळी फाटते, कोणीतरी रोज पाणी मारावं लागतं. या खर्चाला कुठल्याच योजनेत शीर्षक सापडत नाही. भिंत आणि प्रवेशद्वार देखणं, आत गाजरगवत, अशी मैदानं रस्त्यानं जाताना दिसतात. आम्ही ती टिपली आहेत, कोणत्या गावची ते सांगत नाही.

(दृश्य: तीन बंद फाटकं. कुलपं जवळून.)

विदर्भाला हे वेगळ्या पद्धतीनंही करता आलेलं आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये उभं राहिलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक तिथं जाऊन कबड्डीसारखे देशी खेळ दाखवून आलं. त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या संघानं अंतिम सामन्यात जर्मनीला 8-1 नं हरवलं. ती हॉकी गवतावरची होती. 1976 ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर गेली आणि भारत सातवा आला. तेव्हापासून टर्फ नाही तर हॉकी नाही, असं धरून चालतात. मोठ्या स्पर्धांचं टर्फ आजवर सामन्याआधी भिजवावं लागणारं होतं. मे महिन्यात जिथं टँकरची वाट बघतात, तिथं ते मागणं गावालाच पटणार नाही. गावानं टर्फ मागितलेलं नाही.

ओडिशाचं उदाहरण सगळे देतात. 2018 पासून त्या राज्यानं भारतीय हॉकीला पैसा दिला, राउरकेलात बिरसा मुंडा स्टेडियम बांधलं आणि 2023 च्या विश्वचषकाचे सामने तिथं झाले. पण त्या सुंदरगड जिल्ह्यात स्टेडियमच्या कितीतरी आधीपासून गावोगावी मातीवर सामने होत होते, जिंकणाऱ्याला बोकड मिळत होतं. तिकडे खेळ आधी होता, काँक्रीट मागून आलं. आमच्याकडे बऱ्याचदा उलटं.

(दृश्य: स्पर्धेचा दिवस. मंडप, चहा, लाऊडस्पीकर, झाडावर बसलेली पोरं.)

या वर्षी गावात पहिली खुली स्पर्धा झाली. आजूबाजूच्या गावांतून संघ आले, काही आश्रमशाळांचे. जेवण घराघरातून: प्रत्येक घरी दोन पाहुणे, ज्याच्या घरी जे शिजेल ते. बक्षिसाची रक्कम कापसाच्या व्यापाऱ्यानं दिली, चषक माजी विद्यार्थ्यांनी. मुलींच्या सामन्याला बायका डोक्यावरचं ओझं बांधावर ठेवून उभ्या राहिल्या.

(दृश्य: अंतिम सामना, मुली. पेनल्टी कॉर्नर, गोल, जल्लोष. निवेदन नको.)

यातल्या काही मुली शालेय नेहरू हॉकीच्या स्पर्धेत जिल्ह्यापर्यंत गेल्या आहेत. वरच्या स्तरावर खेळलं तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे आता घरोघरी माहीत झालंय. एका घरात ठरलेलं लग्न दोन वर्षं पुढं ढकललं गेलं. गुराखी मात्र आता नाल्यापलीकडे जातात, त्यांना फेरा पडतो. आणि ज्या वर्षी कुंपण झालं, त्या वर्षी खालच्या वस्तीतली नाली राहिली.

(दृश्य: सचिव संगणकावर अर्ज टंकतात. पडदा जवळून, मजकूर वाचता यावा.)

क्रीडांगण विकासासाठी गावानं केलेल्या नव्या अर्जात एक बोअर आणि मोटर, पावसाचं पाणी काढायला पक्का चर, गोलच्या दोन जाळ्या आणि मैदान सांभाळणाऱ्या माणसाचं वर्षाचं मानधन मागितलं आहे. भिंत मागितलेली नाही. मानधन योजनेत बसत नाही असं कार्यालयातून तोंडी सांगण्यात आलं, तरी ग्रामसभेनं ते अर्जातून काढलं नाही. खालच्या वस्तीची नाली याच सभेत पुढच्या वर्षाच्या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर घेतली. पावसाळा तोंडावर आहे. चर खोदायला रविवारी सकाळी सहा वाजता यायचं, अशी दवंडी शनिवारी रात्री फिरली.

(दृश्य: दवंडीचा आवाज, मग फावड्यांचे आवाज. श्रेयनामावली.)