रस्सीखेचीचा दोर

श्रोतेहो, नमस्कार.

पाचवीत असताना आमच्या खेळाच्या सरांनी वर्गाचे दोन गट पाडले. निकष काय, तर हजेरीपटावरचा नंबर. सम एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला. पंधरा दिवसांनी रस्सीखेच व्हायची होती. पण आठवड्यातच आम्हा समवाल्यांची खात्री पटली, की विषम नंबरची पोरं लबाड असतात, रडीचा डाव खेळतात आणि त्यांचं अक्षरसुद्धा घाण असतं. अक्षराचा आणि रस्सीखेचीचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. माझा नंबर २२. बाकावर माझ्या शेजारी बसायचा त्याचा २३.

पोरखेळ झाला, म्हणाल तुम्ही. पण याच पोरखेळाचा एका मानसशास्त्रज्ञाने कसून अभ्यास केला. मुझफर शेरीफ हे त्याचं नाव. जन्म तुर्कस्तानातला, पुढचं काम अमेरिकेतलं. १९५४ च्या उन्हाळ्यात त्याने ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह नावाच्या डोंगराळ जागी मुलांचं शिबिर भरवलं. एकंदर २२ मुलं, वय ११ च्या आसपास. सगळी चांगल्या घरची, अभ्यासात बरी, कुणाची वाह्यात म्हणून तक्रार नाही. ती मुद्दाम तशी निवडली होती. पुढे काही बिनसलं तर 'ही पोरंच वाईट होती' असं म्हणायला जागा राहू नये, म्हणून. शेरीफ स्वतः शिबिरात देखभाल करणारा गडी बनून वावरत होता आणि कान टवकारून ऐकत होता.

मुलांचे दोन गट वेगवेगळ्या बसमधून आणले, लांब लांब उतरवले. पहिला आठवडा एका गटाला दुसऱ्याचा पत्ताच नाही. एकाने 'रॅटलर्स' हे नाव घेतलं, दुसऱ्याने 'ईगल्स'. मग सामने लावले. बेसबॉल, रस्सीखेच आणि बरंच काही. बक्षीस म्हणून जिंकणाऱ्या गटातल्या प्रत्येकाला पदक आणि चाकू. भांडण लावायचंय त्या पोरांना चाकूचं बक्षीस! असो.

पहिल्या रस्सीखेचीत ईगल्स हरले, आणि जाता जाता त्यांनी रॅटलर्सचा झेंडा जाळला. मग एकमेकांच्या खोल्यांवर धाडी, सामानाची फेकाफेक, शिव्या, हातघाई. मोठ्या माणसांना मध्ये पडून सोडवावं लागलं.

मला मात्र झेंड्यापेक्षा दाण्यांची गोष्ट जास्त बोलकी वाटते. गवतात कडधान्याचे दाणे विखुरले आणि मुलांना सांगितलं, एका मिनिटात जमतील तेवढे वेचा. मग एकेकाने वेचलेले दाणे म्हणून पडद्यावर काही क्षण चित्र दाखवायचं आणि विचारायचं, किती असतील सांगा. खरं तर दर वेळी तेच ३५ दाणे दाखवले जात होते. पण आपल्या गड्याचे म्हटले की मुलांना ते जास्त दिसायचे आणि समोरच्याचे म्हटले की कमी. मुलं काही ठरवून खोटं बोलत नव्हती. त्यांना दिसतच तसं होतं.

मग समेट कसा करायचा? शेरीफने आधी सगळ्यांना एकत्र आणून पाहिलं. एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी ताटातलं अन्न एकमेकांवर फेकलं. आपल्याकडे दोन मंडळांत वाजलं की शांतता समितीची बैठक होते. चहा-बिस्किटं येतात, शेजारी शेजारी बसवून फोटो निघतो. त्या फोटोवर माझा फारसा भरवसा का नाही, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

शेवटी शेरीफने दोघांची मिळून अडचण केली. शिबिराचं पाणी बंद पाडलं. टाकीपर्यंतची वाट सगळ्यांनी मिळून तपासावी लागली. एके दिवशी जेवण आणायला जाणारा ट्रकच 'बिघडला'. तो सुरू करायचा तर ओढायला हवा, आणि एका गटाच्या अंगात तेवढं बळ नाही. तेव्हा मुलांनी आणला तो रस्सीखेचीचाच दोर. आठवड्यापूर्वी ज्याची दोन टोकं दोन गटांनी धरली होती, तो ट्रकला बांधला आणि दोन्ही गट एका बाजूने ओढायला लागले. एका दोराने वैर विरघळलं असं नाही. असे चार-पाच प्रसंग यावे लागले. पण परतताना मुलांनी स्वतः सांगितलं, आम्हाला एकाच बसमधून न्या. आणि वाटेत थांबले तेव्हा रॅटलर्सनी आपल्या बक्षिसाच्या ५ डॉलरमध्ये सगळ्यांना थंड दूध पाजलं, ईगल्सनासुद्धा.

शेरीफचं म्हणणं, भांडणाचं मूळ बक्षिसात. पुढे इंग्लंडात ब्रिस्टलला हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की बक्षीसही लागत नाही. क्ली आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी तुम्हाला कोण आवडतो, एवढ्यावरून शाळकरी मुलांचे गट पाडल्याचं सांगितलं, प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखेच पाडले. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. कितीदा तर आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त हवं. आमच्या सम-विषमचं कोडं मला इथे उलगडलं.

आता एक गोष्ट, जी फारशी सांगितली जात नाही. १९५३ मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, शेरीफने न्यूयॉर्क राज्यात असंच शिबिर घेतलं होतं, आणि ते फसलं. तिथे मुलं आधी काही दिवस एकत्र राहिली, त्यांची गट्टी जमली, आणि मग गट पाडले. भांडण काही पेटेना. शिबिरातल्या मोठ्यांनीच चोरून खोड्या काढल्या, आळ दुसऱ्या गटावर यावा म्हणून. मुलांनी एकमेकांना विचारलं आणि संशय घेतला तो मोठ्यांवरच! शिबिर गुंडाळावं लागलं. शेरीफच्या लेखी ते अपयश होतं. माझ्या लेखी दोन शिबिरांत तेच जास्त मोलाचं.

कारण आमच्या वर्गातही रस्सीखेच झाली, सम हरले, आणि त्यानंतर महिनाभर मधल्या सुट्टीत दोन कोंडाळी वेगळी बसायची. फक्त तो २३ नंबर डबा घेऊन माझ्याच बाकावर यायचा, कारण पहिलीपासून माझी पोळी आणि त्याच्या आईचं लोणचं हा ठरलेला बेत होता. दोन्ही गटांनी आम्हाला एकच नाव ठेवलं, फितूर. त्या वर्षात सम आणि विषम यांचं एकमत झालं ते तेवढ्या एकाच गोष्टीवर.

नमस्कार.