गिअरबॉक्सचं ऑइल: आयुष्यभराचं, पण कुणाच्या?

सगळ्यात आधी 'लाइफटाइम' या शब्दाचा निकाल लावू. काही ऑटोमॅटिक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभरासाठी भरलंय, असं लिहिलेलं असतं. पण आयुष्य कुणाचं? गाडीचं की वॉरंटीचं? गंमत बघा, झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः हे गिअरबॉक्स बनवते, आणि तिचा सल्ला साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला, असाच आहे.

आता हे ऑइल खराब का होतं? इंजिनसारखी काजळी इथे येत नाही, मान्य. पण मॅन्युअल गाडीत क्लचचं जे काम तुमचा पाय करतो, ते इथे ऑइलचा दाब करतो. शिवाय क्लचच्या प्लेटा हिसका न देता धरायच्या, घसरूही द्यायच्या नाहीत, हा तोल ऑइलमध्ये मिसळलेल्या रसायनांवर, म्हणजे ॲडिटिव्हांवर असतो. (यासाठी एके काळी चक्क स्पर्म व्हेलचं तेल घालत!) तो तोल बिघडवते ती उष्णता. ढोबळ हिशोब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग जवळपास दुप्पट होतो.

म्हणून नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. हायवेवर तो लॉक होतो, म्हणजे थेट जोडला जातो, आणि ऑइल निवांत असतं. ट्रॅफिकमध्ये किंवा घाटात तेच ऑइल घुसळून घुसळून तापतं. पुस्तिकेत 'सिव्हिअर' वापराचा वेगळा तक्ता असेल, तर रोज कोंडीत अडकणाऱ्याने तोच आपला समजावा.

रंगावर मी स्वतः फसलोय. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गाडी हलकासा धक्का द्यायची. गॅरेजवाला म्हणाला, लाल आहे की अजून! अहो, लाल हा नुसता डाय असतो. वास घ्या. करपट आला तर समजा. शेवटी ऑइल काढलं तेव्हा पॅनमधल्या लोहचुंबकावर राखाडी थर होता, बोटावर घेतला तर काजळासारखा मऊ. तेवढी झीज चालते. बोटाला कण टोचले असते, तर मात्र माझा चेहरा उतरला असता.

आणखी एक. नट उघडून सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. समजा आठ लिटरांतलं चार निघालं, तर एका वेळी निम्मं नवं. मध्ये थोडी गाडी चालवून पुन्हा केलं की पाऊण.

मागून प्रश्न आलाय: दीड लाख किलोमीटर झाले, ऑइल कधीच बदललं नाही, आता बदललं तर गिअरबॉक्स जाईल का? ही भीती बहुतेक अशी पसरते, की गिअर आधीच घसरत असतो, मालक तेव्हा जागा होतो, आणि खापर नव्या ऑइलवर फुटतं. क्लचच्या प्लेटांचं झिजलेलं लायनिंग कुठलंच ऑइल परत आणत नाही. गिअर नीट पडत असतील, तर मशीनने फ्लश न करता असंच दोन-तीन टप्प्यांत बदला. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या स्पेसिफिकेशनचंच घ्या, आणि लेव्हल त्यात सांगितलेल्या तापमानालाच बघा. जास्त भरलं तर फेस होतो आणि दाब पडतो.

एएमटीवाल्यांनो (म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल), तुमचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअल, तुमचं ऑइल वेगळं. तुम्ही चहाला जाऊ शकता.