मारिओ मोठा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

(पडद्यावर: 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेमची पहिली पातळी, वर्ल्ड १-१. मशरूम घेतानाचा क्षण, संथ गतीत.)

मशरूमला स्पर्श झाला की सगळे शत्रू जागच्या जागी थिजतात आणि मारिओ वाढायला लागतो. ही वाढ एका दमात होत नाही. लहान आणि मधला हे दोन आकार आलटूनपालटून तीनदा दिसतात, मग मोठा, मग पुन्हा लहान, मधला आणि शेवटी कायमचा मोठा. असे दहा टप्पे, प्रत्येक टप्पा चार फ्रेमचा (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक स्थिर चित्र, सेकंदाला अशी साधारण ६० येतात). मधल्या आकाराचं चित्र खास या वाढीसाठीच काढलेलं आहे.

'सुपर मारिओ ब्रदर्स' १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम कन्सोलवर आला. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा: ३२ कोडसाठी, ८ चित्रांसाठी. लहान मारिओ १६ बाय १६ पिक्सेलचा, म्हणजे बरोबर एका विटेएवढा. मोठा मारिओ १६ बाय ३२. म्हणजे उंची दुप्पट, पण रुंदी तेवढीच. यात शहाणपण आहे. फॅमिकॉम एका आडव्या रेषेत ८ पिक्सेल रुंदीचे फक्त आठ स्प्राइट, म्हणजे हलत्या चित्रांचे तुकडे, दाखवू शकतो, त्यापुढचे दिसेनासे होतात. मारिओ लहान असो की मोठा, एका रेषेतल्या दोनच जागा अडवतो. रुंदीही दुप्पट झाली असती तर चार जागा गेल्या असत्या, आणि शत्रूंच्या घोळक्यात शिरताच कुणाचा तरी पाय नाही तर डोकं गायब झालं असतं.

आता चाहत्यांच्या थिअरींकडे येऊ. सगळ्यात लाडकी थिअरी अशी: मोठा मारिओ हाच खरा मारिओ, लहान मारिओ म्हणजे शाप लागलेलं रूप, आणि मशरूम हा उतारा. हिला निम्मा आधार नक्की आहे. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या चमूने सुरुवात केली तेव्हा पडद्यावर १६ बाय ३२ चा एक साधा आयत हलत होता. मोठा आकार आधीचा, लहान नंतर सुचलेला. शापाचा मात्र खेळात कुठेही मागमूस नाही.

दुसरी थिअरी विटांची. अमेरिकेत विकलेल्या खेळाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की कूपा या शत्रू-जमातीने मशरूम राज्यातल्या प्रजेचे दगड आणि विटा करून टाकल्या. त्यावरून चाहते म्हणतात, वीट फोडणं म्हणजे प्रजेतल्याच कुणाचा तरी जीव घेणं, आणि त्याबद्दल खेळ वर ५० गुण देतो. पण तीच पुस्तिका पुढे सांगते की विटा झालेली ही माणसं मारिओला शक्ती देऊन उपकार फेडतात. अर्धंच वाक्य उचलून बांधलेली थिअरी टिकत नाही.

आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती तिसरी: 'आकार म्हणजेच शक्ती'. ही तपासता येते, कारण त्यासाठी थेट कोडलाच विचारता येतं.

(पडद्यावर: मेमरीतले दोन बाइट, शेजारी शेजारी.)

मारिओची अवस्था मेमरीत एका जागी नाही, दोन जागी नोंदलेली आहे. एक बाइट आकाराचा: शून्य म्हणजे मोठा, एक म्हणजे लहान. दुसरा बाइट दर्जाचा: शून्य साधा, एक सुपर, दोन अग्नि-मारिओ, म्हणजे फूल घेऊन अग्निगोळे टाकू शकणारा. विटेतून मशरूम निघणार की फूल, हे दर्जा पाहून ठरतं. शत्रू लागल्यावर मारिओ वाचणार की मरणार, हेही दर्जाच ठरवतो. वीट फुटणार की नुसती उचकणार, हे ठरवतो आकार. आणि अग्नि-मारिओचा पांढरा-लाल पोशाख? चित्रं तीच, फक्त रंगांचा संच बदललेला.

गंमत पुढे आहे. मारिओला मार बसला की दर्जा तत्काळ शून्य होतो, पण आकार काही फ्रेमनंतर बदलतो. आणि बदलताना खेळ 'लहान कर' असं म्हणतच नाही, नुसता उलटा करतो. मोठा असेल तर लहान, लहान असेल तर मोठा. या फटीत मारिओ अडकवता येतो.

(पडद्यावर: पातळी १-४, पूल, त्यावर खलनायक बाउझर, आणि पुलापलीकडे कुऱ्हाड, जिला स्पर्श झाला की पूल कोसळतो आणि पातळी जिंकली जाते.)

१-४ च्या शेवटी सुपर किंवा अग्नि-मारिओ होऊनच पोचा. लहान असाल तर बाउझर लागताच खेळ आटोपतो. अग्निगोळे टाकू नका, पाच लागले की बाउझर मरतो आणि सगळं मुसळ केरात. तो पुलाच्या उजव्या टोकाला, कुऱ्हाडीजवळ येईपर्यंत थांबा. मग त्याच्यावरून अशी उडी घ्या की बाउझर आणि कुऱ्हाड एकाच क्षणी लागतील. बाउझर आधी लागला तर मारिओ नेहमीसारखा लहान होतो. कुऱ्हाड आधी लागली आणि बाउझर लागलाच नाही, तर काहीच होत नाही. दोन्ही जुळलं तर दर्जा शून्यावर येतो, पण जिंकण्याचं दृश्य सुरू झाल्याने आकार उलटायचा राहून जातो.

२-१ मध्ये मारिओ मोठाच दिसेल, पण एका फटक्यात मरेल. सांभाळून मशरूम घ्या: दर्जा एक होतो, आकार उलटतो, आणि मशरूम खाऊन मारिओ चक्क लहान होतो. पुढच्या ठोकळ्यातून फूल निघेल. ते घेतलं की हातात अग्निगोळे असलेला लहान मारिओ तयार. गोळा टाकताना तो क्षणभर मोठा दिसतो, कारण फेकण्याचं चित्र फक्त मोठ्या मारिओचं आहे. विटा त्याला फोडता येत नाहीत. त्याला शत्रू लागला तर तो मरत नाही, उलट मोठा होतो, पण दर्जा शून्य असलेला. एक जीव गेला की दोन्ही बाइट पूर्ववत होतात.

आकार आणि शक्ती वेगळ्या आहेत, याचा यापेक्षा सज्जड पुरावा कुठला?

राहिली उडी. मोठा मारिओ उंच उडतो, ही समजूत फार जुनी आणि साफ चुकीची. उभ्या जागेवरून उडीचा सुरुवातीचा वेग फ्रेमला ४ पिक्सेल. बटण दाबून ठेवलं तर तो दर फ्रेमला एक अष्टमांश पिक्सेलने घटतो. उंची भरते ६४ पिक्सेल, म्हणजे चार ठोकळे. पूर्ण वेगात धावत उडी मारली तर ८० पिक्सेल, पाच ठोकळे. या हिशेबात आकाराचा बाइट कुठेच येत नाही.

मारिओच्या जगातलं गुरुत्वाकर्षण काढायचं झालं की मात्र आकारावरून खरा वाद पेटतो. बटण सोडल्यावर मारिओला खाली खेचणारं त्वरण दर फ्रेमला ७/१६ पिक्सेल. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर १५७५ पिक्सेल प्रति सेकंद वर्ग. मोठा मारिओ १.६ मीटरचा माना: एक पिक्सेल ५ सेंटिमीटरचा, आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या आठ पट. लहान मारिओला १.६ मीटरचा माना, तर सोळा पट. म्हणून असा आकडा कुणी फेकला की आधी विचारावं, कुठला मारिओ धरलात?

आणि कुठला टीव्ही, हेही. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घरांत हा खेळ आला तो बहुतेक फॅमिकॉमच्या क्लोनवर, म्हणजे नकली प्रतींवर, कॅसेट घालून. पाल (आपल्याकडची टीव्ही-प्रसारणाची पद्धत) टीव्हीसाठी बनवलेले क्लोन सेकंदाला ६० नाही, ५० फ्रेम चालवत. कोड तोच राहिला तर त्वरण १०९४ पिक्सेल प्रति सेकंद वर्गावर उतरतं, आणि त्याच मोठ्या मारिओसाठी गुरुत्वाकर्षण भरतं पृथ्वीच्या जेमतेम साडेपाच पट.